खालचा दीड फूट

तुम्ही माणूस कापलात. कापडाचा तागा फाडावा तसा, पट्टी धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत कापलात, आणि ज्यानं तो माणूस काढला त्यालाच बोलावून त्याच्या खांद्यावर शाल टाकलीत. वर माइकवरून म्हणालात, चित्र आता कसं खुललंय बघा. तुमच्यात एकाला तरी वाटलं नाही का, की खाली कोण पडलंय ते वाकून बघावं?

आकारामनं हे सगळं मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं तो फक्त "आभारी आहे" म्हणाला, कारण माइक तोंडाशी आला होता, हातात नारळ होता, आणि अडुसष्टाव्या वर्षी हातात नारळ घेऊन शिव्या देणारा माणूस लोकांना वेडा वाटतो. तो खाली उतरून पहिल्या रांगेत बसला. संस्थेच्या राजारामपुरीतल्या नव्या इमारतीचं हे नवं सभागृह. खुर्च्या मऊ, हवा गार, आणि व्यासपीठामागच्या भिंतीवर त्याचंच सव्वीस वर्षांपूर्वीचं चित्र, सोनेरी फ्रेमीत. लढाईचं. अकरा फूट रुंद, साडेसात फूट उंच. म्हणजे होतं तेवढं. आत शिरताना त्याला आधी काहीच कळलं नव्हतं, फक्त जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं वाटलं. मग त्यानं घोड्याचे मागचे खूर शोधले. ते चिखलात रुतलेले असायचे, उजव्या खुराच्या अलीकडे एका माणसाचा खांदा असायचा. आता खूर थेट सोनेरी फ्रेमीवर टेकले होते. दुकानातल्या शोकेसमध्ये ठेवावा तसा घोडा. वर धूर जिथल्या तिथं होता, निशाण होतं, तलवार होती, ढग फाडून आलेला उजेड होता, आणि त्या उजेडात सेनापतीचं नाक होतं. खाली मरून पडलेला सैनिक, म्हणजे कृष्णात, तेवढा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं संस्थेच्या व्यवस्थापक संयोगिता मॅडमना गाठलं. तिशीची बाई, बोलायला गोड, सगळ्यांना सर म्हणणारी. "खालचा भाग कुठाय?" त्यानं विचारलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. दोघं-तिघं वळून बघायला लागले. "कुठला सर?" "चित्राचा. दीड फूट खालून गेलाय." मॅडमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती, नुसतं नवल होतं. "सर, तुम्हालाच विचारून केलं की. मी स्वतः फोन केलता. वरनं एसीचा पाइप आलाय, भिंत बुटकी पडतीय, चित्र कुठून कापलं तर चालंल, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात खालून." मग जरा थांबून, मदत करावी तसं ती म्हणाली, "घोड्याला धक्का लावू नका, असं पण म्हणालात तुम्ही. आम्ही लावला नाही." आणि तो तुकडा? तो म्हणे आठवडाभर कोपऱ्यात गुंडाळून पडला होता. मग भिंती रंगवणारे आले, त्यांनी फरशीवर डाग पडू नयेत म्हणून तो खाली अंथरला. जाड होता ना सर. मग तो कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही.

घरी जाताना रिक्षात त्याला तो फोन लख्ख आठवला. गेल्या दिवाळीच्या आधीची सकाळ. कोमट पाण्यात पाय सोडून तो बसला होता, टाचा भेगाळल्या होत्या म्हणून. फोन कानाला लावून त्यानं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं. चित्र डोळ्यापुढं आलं, वरून खाली आलं, आणि जीभ आपोआप बोलली. वरून नको, तलवारीचं टोक जाईल. डावीकडून नको, निशाण जाईल. खालून कापा. घोड्याला धक्का लावू नका. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता आणि टाचा घासल्या होत्या. कॅनव्हास कापावा लागत नाही, खालच्या लाकडाभोवती मागं दुमडून घेता येतो, हे कोल्हापुरातला कुठलाही पेंटर झोपेत सांगेल. ते त्याला सुचलं नाही. सुचावं लागतं, त्यासाठी तिथं कोणीतरी आहे हे मनात असावं लागतं. मग ह्यांना काय म्हणून शिव्या द्यायच्या? दिल्या तरी त्यानं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, "पावणं, मला म्हणताय काय?"

खरं म्हणजे खालून कापायला आकाराम शिकला होता. कुणी शिकवलं नव्हतं, आपला आपण शिकला होता. साइनबोर्ड रंगवता रंगवता विशीत असताना त्याला रद्दीच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक मिळालं, कव्हर फाटलेलं, आत दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लढायांची चित्रं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पातळ कागद ठेवून प्रत्येक चित्रावर रेघा ओढल्या, आणि प्रत्येक चित्रातून तोच त्रिकोण निघाला. टोकावर एकटा माणूस, घोड्यावर. घोडा पांढरा, पुढचे पाय हवेत. ढग नेमके त्याच्या डोक्यावर फाटलेले, जणू उजेडाला वेळ देऊन बोलावलंय. जिथं गर्दी दाखवायची नसेल तिथं धूर. आणि तळाला मेलेले. त्यांचे खांदे भरदार, केस नीट, तालमीतली पोरं दुपारची आडवी व्हावीत तशी. माशी नाही, आतडं नाही. पुष्कळांची तोंडं वर, राजाकडे. राजा जिंकला हे राजाकडं बघून कळतच नाही, तो नुसता घोड्यावर बसलेला असतो. खाली किती पडलेत आणि कसे पडलेत, त्यावरून ते कळतं. हे आकारामला विसाव्या वर्षी कळलं आणि तो नाचला होता, गुपित सापडलं म्हणून. पुढं कला शिकवणाऱ्या एका मास्तरनं त्याला सांगितलं, अरे, फ्रान्सचा तो बुटका बादशहा बर्फाचा डोंगर खेचरावरून उतरला होता, चित्रकारानं त्याला घोड्यावर चढवला. आकारामला त्याचाही राग आला नाही. त्याला वाटलं, बरोबर केलं. खेचरावर त्रिकोण बसत नाही.

म्हणून संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी बोलावलं तेव्हा तो तयार होता. "कुठली लढाई काढू?" त्यानं विचारलं. "कुठलीबी काढा. आपण जिंकलेली पायजे." "सेनापतीचा चेहरा?" "त्ये तुमचं तुमी बघा," असं म्हणून अध्यक्ष जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, आणि त्यांचं नाक आकारामला बाजूनं नीट दिसेल असं त्यांनी बघितलं. आकारामनं ते नाक दिलं. मिशाही दिल्या. घोडा वरातीचा होता, बँडवाल्याचा, म्हातारा आणि इतका गरीब की त्याला मागचे दोन पाय आणि पुढचे दोन पाय यातला फरकच माहीत नव्हता, त्याला उभा करायचा म्हणजे त्या पुस्तकातून करावा लागला. तलवार नाटक कंपनीची. धूर उदबत्तीकडं बघून. त्या अख्ख्या चित्रात खरं लढणारं कोणी होतं तर तो कृष्णात.

कृष्णात गारगोटीचा. पोरवयात कुस्तीसाठी कोल्हापूरच्या तालमीत राहिलेला. आकाराम तिथं पहिलवानांची स्केचं करायला जायचा, तेव्हापासूनची ओळख. मग तो फौजेत गेला, आणि त्या वर्षी गणपतीला सुट्टीवर आला. आकारामला तळाला झोपवायला एक अंग पाहिजे होतं. कृष्णात हसून तयार झाला. चार दिवस तो आकारामच्या खोलीत शहाबादी फरशीच्या गारठ्यात उघडा पडून होता, आणि गप्प बसत नव्हता.

"पेंटर, मेल्याल्याचा हात आसा ऱ्हात न्हाय."

"कसा राहतो?"

"आंगाखाली. न्हायतर कुटंबी. शोभंल आसा न्हाय."

"तू हात ताण. बोटं जरा सोड."

"आन् तोंड वर कशाला करायला लावलंयसा?"

"सेनापतीकडं बघतोयस तू. शेवटचं."

कृष्णातचं पोट हसून इतकं हललं की कोळशाची रेघ चुकली. "म्हंजे मेल्यावरबी ड्यूटीच की. आवो, शेवटचं बगायचं झालं तर मी घराकडं बगीन. साहेबाला काय बगायचं, त्येला रोज बगतोय."

"गप पड. मेलेला बोलत नाही," आकाराम म्हणाला होता.

दुपारी त्याची बायको शालूबाई डबा घेऊन आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, कडेवर लहान मुलगी. नवऱ्याला तसं पडलेलं बघून ती दारातच उभी राहिली. "उटा की आता. बगवंना." आकाराम म्हणाला, दोन मिनिटं वहिनी, मानेवरचा उजेड तेवढा राहिलाय. दोन मिनिटं म्हणून त्यानं तिला अर्धा तास दारात उभं केलं. तो अर्धा तास आता, शालूबाईला भेटायला निघालेला असताना, गारगोटीच्या एसटीत, खिडकीची काच खडखडत असताना, त्याच्या छातीवर येऊन बसला होता. कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त तोच. माणूस जिवंत होता आणि त्याची बायको दारात उभी होती आणि आपण उजेड करत होतो.

कारण जानेवारीत कृष्णात गेला. वर, बर्फात. अकरा तारखेला. पेटी आली ती बंद होती, आणि उघडू नका असं सोबत आलेल्यांनी हात जोडून सांगितलं. शालूबाईनं पेटीला हात लावला, लाकडाला. तोंड दिसलं नाही. गावातल्या बायका सांगायच्या, तिला रडायलाच येईना, ती म्हणायची आधी दावा, मग रडतो. दीड महिन्यानं ती एकटी कोल्हापूरला आली, संस्थेच्या जुन्या सभागृहात शिरली. तिथं चित्र खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलेलं होतं. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, मयताजवळ बसावं तशी, आणि तिथं तिला रडू आलं. शिपायानं आकारामला बोलावून आणलं. ती पदरानं कृष्णातच्या तोंडावरची धूळ पुसत होती. "भावजी, आसंच आसंल न्हवं त्येंचं त्वांड?" तिनं विचारलं. मेलेला असा पडत नाही हे खुद्द कृष्णातच, आकारामच्या खोलीतल्या फरशीवर पडून, पाच-सहा महिन्यांपूर्वी सांगून गेला होता. आकाराम म्हणाला, असंच. त्यानंतर ती दर अकरा जानेवारीला यायची. सव्वीस वर्षं. यायची, बसायची, पुसायची, जायची. वरच्या घोड्याकडे तिनं कधी मान वर करून बघितल्याचं आकारामला आठवत नव्हतं.

आणि आज चोवीस डिसेंबर. अठरा दिवसांनी ती राजारामपुरीतली ती नवी इमारत शोधत येणार, गार हवेच्या खोलीत शिरणार, आणि तिला खूर दिसणार. सांगायला हवं, एवढंच ठरवून तो एसटीत बसला होता. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आधी वाटलं, नवं काढून द्यावं. काल त्यानं कोळसा हातात घेऊन बघितलाही. हात आला, मान आली, मानेवरचा उजेड तर डोळे मिटून आला. तोंड येईना. तोंडाच्या जागी पुस्तकातली तोंडं यायला लागली, एकामागून एक, वर बघणारी, सुंदर, परकी. त्यानं कृष्णातला चार दिवस बघितलं होतं आणि त्रिकोणाचा एक कोपरा म्हणून बघितलं होतं. मग वाटलं, सरळ सांगावं, त्यांनी कापलं. खोटं नव्हतं ते. ब्लेड त्यांचं, हात त्यांचे, भिंत त्यांची. एसटीच्या वाटेवर नाक्यानाक्यावर फ्लेक्स होते, वाढदिवसाचे, कुणातरी पुढाऱ्याचे, हातात तलवार, डोक्यावर फेटा, आणि खाली तळाला शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, टिकलीएवढी, एकाला एक लागून. तिथंही त्रिकोण. ज्या पोरानं कॉम्प्युटरवर तो केला असेल त्याला पुस्तक लागलं नव्हतं. आकारामला वाटलं, आपण हे गावाला शिकवलं. मग वाटलं, नाही, एवढे मोठे आपण नाही, गावाला हे आधीच येत होतं. आपण फक्त ते हातानं, तैलरंगात, चांगलं करत होतो.

शालूबाई अंगणात शेंगा निवडत होती. केस पांढरे झाले होते, पाठ सरळ होती. त्याला बघून तिला आश्चर्य वाटलं, सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. "भावजी? वाट चुकलाय का काय?" तिनं पाणी दिलं, चहा टाकला, मुलगी क्रांती पुण्याला नोकरीला असते, जावई बरा आहे, हे सांगितलं. "औंदा ती बी येनार हाय म्हनली अकराला. लेकराला दावायचंय म्हनती, आज्जा." आकारामनं कप खाली ठेवला.

"वहिनी, चित्र कापलं त्यांनी."

"म्हंजे?"

"नव्या इमारतीत भिंत बुटकी होती. खालचा दीड फूट कापला. कृष्णात होता तो."

शालूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कापला," ती म्हणाली. "मग कुटं ठिवलाय?"

"ठेवला नाही. गेला."

ती हळूहळू विचारत गेली, बाजारात वस्तू तपासावी तशी, एकेक. "घोडं ऱ्हायलं न्हवं?" राहिलं. "तलवार?" राहिली. "त्यो वरला, मिशावाला?" तोही. "आन् ह्येच तेवडं निगालं. अकरा फूट चित्रात कापायला ह्येच घावलं त्यास्नी." आकाराम म्हणाला, "त्यांना काय कळतंय वहिनी, त्यांना भिंत कळती." हे बोलताना त्याला बरं वाटलं. दोन घोट चहा प्यावासा वाटला. आणि तेवढ्यात शालूबाई उठली. शेंगांचं सूप बाजूला सारलं, आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली, दाराला कडी घातली, आणि पायात चप्पल सरकवत म्हणाली, "चला."

"कुठं?"

"त्येंच्याकडं. मी इचारतो की. मानूस तिकडं देशासाटी मेला, हितं त्येचं त्वांड बगायला मी सव्वीस वर्सं पदरमोड करून येतो, ह्ये काय त्यास्नी ठाव न्हाय? शिपायापास्नं समद्यास्नी ठाव हाय. कुनाच्या त्वांडातनं निगालं खालनं कापा म्हनून, त्येचं नाव घ्या म्हनावं माज्या म्होरं. पाच वाजताची गाडी घावंल, चला."

ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेलीसुद्धा. आकाराम उठला नाही. पुढचं सगळं त्याला दिसत होतं, चित्रासारखं स्पष्ट: गार हवा, संयोगिता मॅडमचा गोड चेहरा, आणि सर, तुम्हालाच विचारून केलं की. ती मॅडम खोटं बोलणार नव्हती. तिथं सगळ्यांदेखत कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं, असा हिशोबी विचार आधी आला, आणि त्या विचाराची त्याला किळस आली. आपल्याला शेवटपर्यंत कुठं उभं राहिलो तर बरं दिसू, हेच सुचतंय.

"वहिनी," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "ते मी सांगितलं."

ती वळली. "काय सांगितलं?"

"खालून कापा म्हणून. त्यांनी फोन करून विचारलं होतं, कुठून कापू. मी म्हणालो, खालून. घोड्याला धक्का लावू नका म्हणालो."

बाजूच्या गोठ्यात म्हशीनं शेपटी आपटली. शालूबाई फाटक लोटून परत आली. चप्पल काढली, पण आत गेली नाही, त्याच्या समोर जमिनीवर बसली, लुगडं सावरून, पाठ सरळ. रडेल असं आकारामला वाटलं होतं, किंवा चप्पल उगारेल असं. तसं काहीच नाही. ती त्याच्या तोंडाकडे इतकं निरखून बघत होती की त्यानं मान खाली घातली.

"मान वर करा," ती म्हणाली. "मी काय तुमास्नी मारत न्हाय. येकच इचारतो. त्यांनी फोनवर इचारलं, तवा खाली ह्ये पडल्यात, ह्ये तुमच्या ध्येनात हुतं का न्हवतं?"

आकारामनं तोंड उघडलं. दोन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर होती आणि दोन्हीतलं कुठलं खरं ते त्याला उमजत नव्हतं.

"ध्येनात हुतं आन् कापायला दिलासा," शालूबाई म्हणाली, "का ध्येनातच न्हवतं? दोन्हीतलं येक सांगा. पाचची गाडी गेली तर जाऊ द्या, ऱ्हावा हितंच. पर सांगितल्याबिगर मी तुमास्नी हितनं उटू देनार न्हाय. बोला."